कळशीवरचा हात

१

विहीर बोलली, असं फिर्यादीत लिहिता येत नाही. म्हणून पोलिसांनी लिहिलं की आर्थर परेरा बोलले.

ती फिर्याद माझ्या टेबलावर ठेवून खुद्द आर्थर परेरा समोर बसत होते. बसत होते म्हणायचं कारण, ते काम बराच वेळ चाललं होतं. आधी त्यांनी टेबल धरलं, मग काठी भिंतीला लावली, मग दोन्ही पाय ताठ पुढे सरकवून खुर्चीत अंग सोडलं. सत्तरी ओलांडलेला, इस्त्रीच्या शर्टातला, हळू बोलणारा माणूस.

मी गोदा म्हात्रे. ठाण्याच्या कोर्टात फौजदारी वकिली करते, राहते डोंबिवलीत, आणि अशिलाचं पहिलं वाक्य कधीच खरं धरत नाही.

"मी काहीच बोललो नाही, मॅडम," हे त्यांचं पहिलं वाक्य.

हकिगत अशी. परेरांचं घर बाळकुमच्या जुन्या गावठाणात, आता चारी बाजूंनी टॉवर. धाकट्या मुलाचं, डिलनचं, लग्न होतं. आपल्याकडचे जुने ख्रिस्ती लोक लग्नाच्या आदल्या संध्याकाळी वाजतगाजत विहिरीवर जाऊन नवरदेवाच्या आंघोळीचं पाणी आणतात. उंबराचं पाणी म्हणतात त्याला. परेरांची विहीर आवारातच, घराच्या मागच्या भिंतीला चिकटून. पाणी काढायचा मान घरातल्या थोरल्या बाईचा. यंदा डिलनने दोरी दिली आपल्या जिवलग मित्राच्या हातात. मित्राचं नाव डॉक्टर राजरत्न खरात. दोघे दातांचे डॉक्टर, डोंबिवलीत दोघांचा मिळून दवाखाना.

राजरत्नने कळशी वर ओढली. रिवाजाप्रमाणे बँड थांबला. त्या शांततेत कोणीतरी त्याची जात काढली.

ॲट्रॉसिटी कायद्याच्या कलम अठराने अटकपूर्व जामिनाचं दार लावून घेतलेलं आहे. फिर्याद वाचून प्रथमदर्शनी गुन्हाच दिसत नसेल, तरच ते उघडतं. आणि हा गुन्हा व्हायला अपमान चार लोकांच्या देखत, निदान त्यांच्या कानावर पडेल असा झालेला असावा लागतो. लोक माझ्यासमोर बसून त्या दाराला शिव्या घालतात. मी त्यांना सांगते, हे दार लागायच्या आधी दुसरी बरीच दारं लागलेली होती, आणि ती तुमच्या बाजूने लागलेली होती. मग ते गप्प बसतात आणि मी कामाला लागते.

सोमवारी सुनावणी होती. तोवर कोर्टाने अटक थांबवली होती.

आर्थरनी पाहुण्यांपैकी कोणीतरी काढलेला व्हिडिओ दाखवला. मांडवाचे दिवे थेट विहिरीवर लोंबत होते. बायका, बँडवाले, मधे राजरत्न. आर्थर कुठेच नव्हते. फिर्यादीत मात्र लिहिलं होतं, 'विहिरीजवळ उभे राहून'.

"तुम्ही कुठे होतात?"

"आत. घरात."

"काय करत होतात?"

ते जरा अडखळले. "प्रार्थना."

केस सोपी होती. माणूस तिथे नव्हताच, मग बोलेल कसा? मी व्हिडिओ बंद करणार, तेवढ्यात बँड थांबल्यानंतरचा भाग आला. राजरत्न दचकला. ज्याने शिवी ऐकली तो शिवी देणाऱ्याकडे बघतो. राजरत्नने कोणाकडेच पाहिलं नाही. त्याने खाली पाहिलं, विहिरीत.

२

तक्रारदाराला आरोपीच्या वकिलाने एकट्याने भेटणं बरं नाही. म्हणून राजरत्नचे वकील प्रीतम उबाळे यांना मधे घालून मी डोंबिवलीच्या दवाखान्यात गेले. दोन खुर्च्या, दोन्हींवर प्लास्टिक टाकलेलं. बाहेर पाटीवर अजून दोघांची नावं होती.

"बंद का?" मी विचारलं.

"पार्टनर बोलत नाही ना एकमेकांशी." राजरत्न तिशीतला, सडपातळ, आवाज शांत. "डिलनला मी त्याच वेळी सांगितलेलं. तो मांडवात खुर्चीवर बसलेला, हळद लावून. त्याने विचारलं, नक्की ऐकलंस ना? बस, एवढंच विचारलं त्याने."

उबाळे खिडकीबाहेर बघत राहिले.

"काय ऐकलंत?"

"'कळशीवरचा हात काढ. तुझ्या जातीचा हात आमच्या पाण्याला नको.' आणि जातीचं नाव. ते मी पुन्हा उच्चारणार नाही." त्याने स्वतःच्या हातांकडे पाहिलं. "मॅडम, हे हात रोज लोकांच्या तोंडात असतात. तोंड उघडताना कोणी जात विचारत नाही."

"आवाज कुठून आला?"

"पाण्यातून."

तो पुढे म्हणाला, "हसा तुम्ही. पोलीस पण हसले. मी वाकलेलो, कळशी काठाला आलेली, जड होती म्हणून दोरी सोडून एक हात कळशीवर ठेवला. आणि खालून आवाज आला. मोठा नाही. कुजबुज. पण अशी, की कोणीतरी कानाला लागून बोलतंय."

"म्हाताऱ्याचा आवाज?"

"कुजबुज होती. घर त्यांचं, विहीर त्यांची. मी आर्थर अंकलचं नाव घेतलं."

"मग 'विहिरीजवळ उभे राहून' कोणी लिहिलं?"

"लिहिणाऱ्याने. म्हणाला, पाण्याचा आवाज कागदावर घेता येत नाही, माणूस उभा करा. मी सही केली. नसती केली तर तक्रारच राहिली असती."

हे ऐकून मला खरं तर आनंद व्हायला हवा होता. फिर्याद माझ्या हातात फाटत होती. पण घरी जाताना मला लहानपणीची हाकामारी आठवत राहिली. आमच्या आगरात म्हाताऱ्या बजावायच्या, दिसत नसलेल्या माणसाने हाक मारली तर पहिल्या हाकेला ओ देऊ नका. या पोराने ओ दिली होती, आणि आता सगळे त्यालाच वेडा ठरवत होते.

३

शनिवारी दुपारी मी बाळकुमला गेले. विहिरीवर टॉवरची सावली होती, त्यामुळे ऊन असूनही तिथे गार वाटत होतं. विहीर अर्धीच दिसायची. गोल कठडा घराच्या मागच्या भिंतीपाशी येऊन थांबायचा, जणू उरलेली विहीर भिंतीने गिळली होती. त्या भिंतीला खिडकी नव्हती. मी वाकून पाहिलं. खाली काळं पाणी आणि माझं डोकं.

विहिरीपाशीच रोनाल्ड भेटला. आर्थरचा चुलतभाऊ, बँडमध्ये ट्रम्पेट वाजवतो. राजरत्नच्या बाजूलाच उभा होता तो त्या संध्याकाळी.

"मी कायच नाय ऐकला, मॅडम. बँड चालू व्हता ना."

"बँड थांबलेला होता. व्हिडिओत तुमचा ट्रम्पेट खाली आहे."

रोनाल्डने ओठ पुसले. "मग नसंल ऐकला," म्हणाला आणि निघून गेला. व्हिडिओत त्याचे ओठ मिटलेले होते, तेव्हा बोलणारा तो नव्हता. पण त्याने ऐकलेलं मात्र खचित होतं.

घरात शिरले तर आर्थरची थोरली बहीण डेल्फिनबाई देव्हाऱ्यासमोर गुडघ्यांवर होत्या. चौकड्याचं लुगडं, पाठ ताठ. मला बघून, कशालाही हात न लावता, त्या उठून उभ्या राहिल्या. त्या वयात मला हेवा वाटावा असं उठणं. खरं तर माझ्या वयातही वाटला.

"आई लवकर गेली," आर्थर खुर्चीतून म्हणाले. "हिनेच आम्हाला वाढवलं. माझ्या मुलांनाही. लग्नच केलं नाही तिने."

"तुम्ही काय ऐकलंत, डेल्फिनबाई?"

"मी घरान व्हते. मना काय ठाव नाय." त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. "चा घ्या."

चहा ठेवायला डिलनची नवी बायको मिशेल आत गेली. ती कळव्याची, त्या संध्याकाळी इथे नव्हतीच. ज्याला लपवायला काही नाही त्याच्याशी आधी बोलावं, हा माझा जुना नियम. मी तिच्यामागे स्वयंपाकघरात गेले.

मागच्या भिंतीला लागून गॅसचा सिलिंडर, त्याच्या बाजूला तांदळाचं पिंप. तिथली फरशी ओलसर. चहाचा कप घेऊन मी पिंपाला टेकून उभी राहिले आणि माझ्या पायाखाली कोणीतरी पंख फडफडवले.

मी चहाचा कप तसाच खाली ठेवला.

"कबुतरं आहेत," मिशेल हळूच म्हणाली. "मला पण पहिल्या दिवशी भीती वाटलेली. खाली राहतात ती."

"जमिनीखाली?"

तिने दाराकडे एक नजर टाकली. मग पुढे होऊन पिंप सरकवलं. फरशीत लाकडाचं झाकण बसवलेलं होतं, पाटाएवढं, वर लोखंडी कडी.

"लग्नातच उघडतात. बँड थांबतो ना, तेव्हा घरातला मोठा माणूस इथून पाण्यात घरची वाईन ओततो. डेल्फिन आंटी म्हणते, झाकण उघडं असताना कोणी बोलायचं नाय. पाणी ऐकतं."

४

डिलनला मी विहिरीवर उभं केलं आणि स्वतः झाकण उचललं. खालून शेवाळाचा वास आला. घर बांधताना कोणी शहाण्याने मागची भिंत कमानीवर तोलून अर्धी विहीर आत घेतली होती, पावसापाण्यात बाईला बाहेर जावं लागू नये म्हणून. पुढे नळ आले आणि आतलं तोंड झाकणाखाली गेलं. पंचनामा करणारे बाहेरची विहीर बघून परत गेले होते.

मी भोकाशी वाकून अगदी हळू म्हटलं, "डिलन, जेवलास का?"

बाहेरून उत्तर आलं नाही. थोड्या वेळाने डिलन स्वतःच दारात आला. त्याचा चेहरा उतरला होता.

"माझ्या कानात बोललात तुम्ही," तो म्हणाला. "मॅडम, तो खरं बोलत होता. आणि मी त्याला विचारलं..."

मला मात्र, सांगायला लाज वाटते, हुरूप चढला होता. बचाव हातात आला होता. बंद स्वयंपाकघरात दोन भावंडं आपसांत काही बोलली. वाईट बोलली, पण चार भिंतींच्या आत. झाकण उघडं राहिलं आणि बोलणं बाहेर गेलं. अपमान करायचा हेतू नाही, चार लोकांच्या देखत नाही, गुन्हा नाही. सोमवारी दार उघडलंच म्हणून समजा.

मी तसं मनात लिहायलाही लागले, आणि पहिल्याच ओळीला अडले.

'कळशीवरचा हात काढ.'

भिंतीला खिडकी नाही. राजरत्नने हात दोरीवरून कळशीवर नेला तो ऐनवेळी, कळशी काठाला आल्यावर. आत बसलेल्याला ते कळलं कसं?

"डिलन, परत बाहेर जा. कठड्यावर वाक आणि मांडवातला दिवा असेल तो लाव."

तो गेला. मी दोन्ही गुडघे ओल्या फरशीवर टेकले, कण्हत कण्हत, आणि भोकात डोकं घातलं. काळ्या पाण्यात डिलनचा चेहरा होता. उलटा, पिवळा, जरासा हलणारा, सरळ माझ्याकडे बघणारा. त्याने कठड्यावर हात ठेवला. पाण्यात तो हात माझ्या तोंडाजवळ आला.

म्हणजे ते आपसातलं बोलणं नव्हतंच. कोणीतरी इथे माझ्यासारखं वाकून बसलं होतं, पाण्यात राजरत्नला बघत होतं, आणि त्यालाच बोललं होतं. कुजबुजून बोललं, कारण बोलणं बाहेर जातं हे त्याला पक्कं ठाऊक होतं. याच घरात वाढलेलं माणूस. आणि कुजबुजीला ना वय असतं, ना बाईमाणूस-बाप्यामाणूस.

उठायला मला ओट्याची कड धरावी लागली. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. बाहेर आर्थर एकटेच होते. मी त्यांच्यासमोर बसले.

"या भोकाशी गुडघे टेकल्याशिवाय वाकता येत नाही," मी म्हटलं. "तुम्ही शेवटचे गुडघे कधी टेकलेत?"

त्यांनी डोळे मिटले.

५

"दोन्ही गुडघे बदललेत माझे," आर्थर म्हणाले. "चर्चमध्येही बसूनच असतो. या वेळी वाईन तिनेच ओतली. मी नुसता बाजूला उभा होतो, मोठा म्हणून."

"तुम्ही ऐकलंत?"

"ऐकलं."

"मग कोर्टात हेच सांगा. सुटाल."

"नाही." मऊ माणसाचा नकार फार टणक असतो. "माझ्या आईच्या जागी आहे ती. दोरी तिच्या हातातून काढून घेतली आम्ही, तिला विचारलंसुद्धा नाही. तुम्हाला जे शोधायचं होतं ते सापडलं. आता ते तुमच्यापाशीच राहू द्या."

"तुरुंगात जाल, आर्थर."

"जाईन."

"मग माझ्याकडे आलात कशाला?"

"भीती वाटते म्हणून," ते म्हणाले.

मला त्यांचा राग आला आणि त्यांची दयाही आली. अशिलाने तोंड शिवलं की वकिलाचंही शिवलं जातं. व्हिडिओ दाखवून मी त्यांना बहुधा सोडवलंही असतं. फक्त त्या कोर्टातून राजरत्न खरात खोटारडा ठरून बाहेर पडला असता.

पण दारात डिलन उभा होता. त्याच्या तोंडाला कोणी टाका घातला नव्हता. त्याने फोन काढला आणि अंगणात गेला. मला पहिलं वाक्य ऐकू आलं. "राज, तू ऐकलेलंस. मी विचारायला नको होतं."

६

रविवारी सकाळची मिस्सा आटोपून गावठाण घरी परतत होतं. राजरत्न आला, सोबत उबाळे. तो घरात आला नाही. सरळ विहिरीवर गेला. डिलनने मांडवाचा दिवा लावला, कळशीला दोर बांधला. येणारेजाणारे थबकले. रोनाल्डही त्यांच्यात होता.

डिलन आत गेला. तो काय म्हणाला ते मी दारातून ऐकलं.

"आंटी, पाणी काढतोय आपण. वाईन तू ओत."

डेल्फिनबाईंनी एकदा भावाकडे पाहिलं. आर्थर जमिनीकडे बघत होते. बाईंनी पिंप सरकवलं, झाकण उचललं आणि सवयीने गुडघे टेकले. ग्लास हातात घेऊन त्या वाकल्या आणि तशाच राहिल्या.

मी बाहेर विहिरीपाशी गेले. राजरत्न वाकलेला होता. कळशी काठाला आली होती आणि त्याचा डावा हात कळशीवर होता. तो खाली बघत होता. तिथे त्याला काय दिसत होतं ते मला ठाऊक होतं, कारण आदल्या दिवशी मी दुसऱ्या बाजूला होते.

टॉवरमधल्या कुठल्याशा घरातला कुकर शिटी देऊन थांबला.

मग पाणी बोललं. बारीक, ओलं, अगदी जवळून. माझ्या मानेवर काटा आला. ते कसं घडतं हे ठाऊक असूनही आला.

"मीच बोलले रं."

राजरत्नने कळशीवरचा हात काढला नाही. तो पाण्याला म्हणाला, "तिथून नको. समोर येऊन बोला."

वाईनचा ग्लास पाण्यात पडल्याचा आवाज आला. मग फरशीवर पावलं. स्वयंपाकघर, माजघर, पुढचं दार, मांडव. भिंतीच्या त्या बाजूहून या बाजूला यायला बाईंना किती वेळ लागला देव जाणे, लोक आपोआप बाजूला होत गेले. त्या राजरत्नसमोर उभ्या राहिल्या. त्यांना त्याच्या डोळ्यांत बघवेना. त्या त्याच्या हाताकडे बघत होत्या.

"मीच बोलले," त्या मोठ्याने म्हणाल्या. "पान्यान तुजा हात दिसला. हे घरची सगली लग्ना, कलशी मीच काडली. आर्थरची, त्याचे भावांची. पोराला मीच न्हानाचा मोटा केला. आन दोरी तुना दिली."

राजरत्नने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "कळशी तुमची होती म्हणून बोललात, की हात माझा होता म्हणून?"

मी वकिलीत पुष्कळ उलटतपासण्या पाहिल्यात. इतका साधा आणि इतका वाईट प्रश्न ऐकला नव्हता. बाईंना सुटायला वाट होती. 'कळशी माझी होती' म्हटलं असतं तर अर्धं गावठाण रडलं असतं.

डेल्फिनबाईंनी पदर तोंडाशी नेला, पण तोंड झाकलं नाही.

"तुजा व्हता म्हनून," त्या म्हणाल्या.

मागून रोनाल्ड म्हणाला, "मी बी ऐकलेला. तवाच ऐकलेला." आणि त्याने मान खाली घातली.

राजरत्नने कळशी कठड्यावर ठेवली. माफ केलं म्हणाला नाही, आणि कोणी तशी आशा धरू नये. "उबाळे सर, हेच पोलिसांसमोर होऊ दे," एवढं म्हणून तो निघाला. डिलन त्याच्यामागे फाटकापर्यंत गेला. ते तिथे काय बोलले ते मला ऐकू आलं नाही. डिलन परत आला तेव्हा त्याचे डोळे लाल होते आणि हातात दवाखान्याची किल्ली होती. राजरत्नची होती ती, त्याने परत केलेली.

सोमवारी आर्थरच्या नावावरचं बालंट गेलं. राजरत्नने पुरवणी जबाबात आवाज पाण्यातून आल्याचं सांगितलं, आणि या वेळी ते तसंच लिहून घेतलं गेलं. डेल्फिनबाईंचं नाव आरोपी म्हणून आलं.

मी त्यांना स्पष्ट सांगितलं, तुमच्यासाठी अटकपूर्व जामिनाचा अर्ज टिकणार नाही. पण वय आहे, बाई आहात, करून बघू.

"नको," त्या म्हणाल्या. पोलीस स्टेशनला त्या स्वतःच्या पायांनी गेल्या, शाल घेऊन आर्थर मागे. जाताना त्यांनी मला एवढंच विचारलं, तिथे गुडघे टेकायला जागा असेल का.

काही दिवसांनी त्यांच्या रीतसर जामिनाच्या कामासाठी मी पुन्हा बाळकुमला गेले. स्वयंपाकघरात पिंप दुसऱ्या कोपऱ्यात होतं. झाकण मिशेलने काढून टाकलं होतं, त्या जागी लोखंडी जाळी बसवली होती. खाली कबुतरं घुमत होती आणि पाण्यात उजेड हलत होता.

"भीती नाही वाटत?" मी तिला विचारलं.

"वाटते ना," मिशेल चांगली मोठ्याने म्हणाली. त्या घरात आता कोणी कुजबुजत नाही.